आठ नाही, नऊ नाही

आमच्या हिशेबात आठ नाही, नऊ नाही.
शून्य ते सात, एवढ्यावर भागवायचं.
चार खिडक्या, चार आकडे,
सगळे मिळून चार हजार शहाण्णव,
त्यातले माझ्या यादीत मोजून बासष्ट:
काही लढाऊंचे, काही मुंबईकडे जाणाऱ्यांचे,
आणि उरलेसुरले, कडेला पेन्सिलने खूण केलेले,
बारामतीच्या पोरांचे,
जी पहिल्यांदाच एकटी इतक्या लांब येतात
आणि स्वतःची उंचीसुद्धा माफी मागितल्यासारखी सांगतात.

याला स्क्वॉक म्हणतात. पोपटाचं ओरडणं.
मी आकडा सांगायचा, त्यांनी तोच परत म्हणायचा,
शब्दाला शब्द. अधिकृत पोपटपंची.
मग पडद्यावरच्या बेनाम ठिपक्याला शेपूट फुटतं
आणि तो कुणाचातरी होतो.

मंगळवार, सकाळी दहा वाजून सात.
जेजुरीच्या जरा पलीकडे एक सेस्ना.
आवाज मुलीचा, घसा कोरडा.
मी म्हटलं, फोर टू सिक्स वन.
ती म्हणाली, फोर टू एट वन.

शेजारी कुरियन हसला,
"आठ आणणार कुठून ती? डब्यावरच नाही."
मला दिसला तिचा अंगठा
खटका फिरवणारा, सहा, सात, शून्य,
पुन्हा सात, पुन्हा शून्य,
आठ काही येत नाही.
साडेचार हजार फुटांवर मुलीचा पोपट झालेला
आणि हसायला सोबत मैत्रीण नाही.
मी पुन्हा सांगितलं, हळू. सिक्स.
शेपूट फुटलं.

दिवे घाटावर ती गप्प झाली.
एक हाक. दोन. तिसरीला खरखरसुद्धा नाही.
मग शेपटीतले आकडे बदलले:
सात सहा शून्य शून्य.
म्हणजे, मी आहे, वाचा गेली आहे.
हा आकडा आम्ही देत नाही,
ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

नियमाची भाषा इंग्रजी. बावीस वर्षं बोलते आहे,
घरी भांडतानासुद्धा "से अगेन" निघतं तोंडून.
पण तिच्या त्या "एट"मध्ये
मला नीरेकाठचं उसाचं रान ऐकू आलं होतं.
मी बटण दाबलं आणि सरळ विचारलं,
"ऐकू येतंय का गं? येत असेल तर आयडेंट दाब."

रडारची एक फेरी. काही नाही.
दुसरी.
मग ठिपका फुगला, जाड झाला, लुकलुकला,
घसा बसलेलं पोर वर्गात
बाकावरून अर्धं उठून हात वर करतं तसा.

पुढचं बोलणं सगळं असंच. प्रश्न माझे, लुकलुक तिची.
इंधन आहे?
लुकलुक.
डाव्या हाताला हडपसरचं ग्लायडरचं मैदान दिसतंय?
बराच वेळ काही नाही. मग लुकलुक.
धावपट्टीच्या तोंडाशी दोन सुखोई खोळंबले,
गुरगुरत,
आणि वर टॉवरमधून कुणीतरी
हिरवा दिवा तिच्यावर रोखून धरला.

उतरली. तीन उड्या मारत, पण उतरली.

नाव नंतर कळलं, बारामतीहून फोन आला तेव्हा,
तिच्या मास्तरांचा, कॅप्टन दस्तुरांचा.
अश्लेषा खलाटे. वय अठरा.
हेडसेटच्या दोन पिना असतात,
त्यातली बोलायची निघाली होती. एवढंच.
"गुडघा लागला असेल," ते म्हणाले,
आणि मग फोनवर दोघंही उगाच थांबलो.

संध्याकाळी चार दोन सहा एक मोकळा होता.
शिर्डीहून येणाऱ्या एका चार्टरला दिला.
त्याने बिनचूक परत म्हटला, भरदार आवाजात,
जणू आजवर कुणी वापरलाच नव्हता.
मी कागदाच्या पट्टीवर वेळ लिहिली:
बारा अठ्ठेचाळीस, ग्रीनिचची.
बाहेर पुण्यात सहा वाजून अठरा.
घड्याळाला आठ चालतो.